सशाच्या घरी हीटर

मटार सोलता सोलता आईच्या डोक्यात पुन्हा तोच प्रश्न आला. या पोराचं पुढं कसं होणार? दाणे वाटीत पडत होते, सालं मांडीवर साठत होती, मधेच एखादा दाणा टणकन उडून फ्रिजखाली जात होता. प्रश्न मात्र जागचा हलायला तयार नव्हता. सकाळी दूध तापवताना तो शेजारी उभा असायचा, दुपारी जरा डोळा लागला की उशाशी येऊन बसायचा. बाबा म्हणायचे, त्या प्रश्नालाही एक स्वेटर विणून टाक, घरातलाच झालाय तो आता.

पोर म्हणायचं, पण पोर कसलं. सव्विशी उलटलेली, दाढी राखलेली, आणि उंची अशी की स्वयंपाकघरात शिरताना मान आपोआप खाली जायची. मामानं त्याला लहानपणीच 'शिडी' हे नाव ठेवलं होतं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तर ही शिडी एका बालवर्गात शिकवत होती. गुडघ्याएवढी मुलं, त्याहून बुटक्या खुर्च्या, वाहती नाकं, उलटे घातलेले बूट. दिवसभर चित्रांची पुस्तकं वाचायची, जमिनीवर लोळायचं, आणि संध्याकाळी खिशात कुणाचा तरी एकुलता एक मोजा घेऊन घरी यायचं. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, शिक्षक आहे. कितवीला शिकवतो, असं पुढं विचारलं की तिला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

त्यात आता मामानं घोळ वाढवला होता. मामाची माल वाहतुकीची कंपनी होती. तिच्या ऑफिसात एक जागा रिकामी होत होती. बसून करायचं काम, स्वतःचं टेबल, पगार आत्ताच्यापेक्षा बराच बरा. ती त्यानं भाच्यासाठी धरून ठेवली होती, पण शनिवारपर्यंतच.

"ताई, शिडी छताला लावायची असते," तो फोनवर म्हणाला होता, "पाळण्याला नाही. तू सांग त्याला. तू सांगितलंस की तो ऐकेल."

नेमकं हेच आईला जड जात होतं. सांगितलं तर तो ऐकेल, हे तिलाही ठाऊक होतं.

बालवर्गात तो पहिल्यांदा गेला तो शिकवायला नव्हे, फळ्या ठोकायला. कॉलेज संपल्यावर तो एका फर्निचरच्या दुकानात लागला होता. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घ्यायची, माल पोचवायचा, कारागीर आला नाही तर स्वतःच ड्रिल उचलायचं. बालवर्गाला पुस्तकांसाठी बुटकी मांडणी हवी होती आणि त्या दिवशी नेमका कारागीर आला नाही. हा जमिनीवर मांडी घालून स्क्रू पिळत बसला तर भोवती मुलांचा घोळका. कुणीतरी त्याच्या मांडीवर एक पुस्तक ठेवलं आणि म्हणालं, वाच. त्यानं वाचलं. दुसऱ्यानं दुसरं आणलं. तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत चाललं आणि मांडणी शेवटपर्यंत थोडी तिरकीच राहिली. बालवर्ग चालवणाऱ्या मोठ्या बाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी याल का? दर सुट्टीला तो जात राहिला. मग संध्याकाळचा शिक्षणाचा कोर्स केला. मग एक दिवस जेवणं झाल्यावर त्यानं सांगून टाकलं की दुकान सोडलंय. बाबांनी एवढंच विचारलं की दुपारी जेवायला घरी येणार का. आई न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून थोडं रडून आली.

मामाचं सगळं तिनं रविवारी चहाच्या वेळी त्याच्या कानावर घातलं. टेबलाचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, बसून करायचं काम आहे हे दोनदा सांगितलं. तो कप फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला की वर्गातल्या मदतनीस मावशी आठवडाभर सुट्टीवर आहेत, त्यांच्या लेकीला मुलगी झालीय. हातांची गरज आहेच.

"तू ये आठवडाभर," तो म्हणाला. "बघ मी काय करतो ते. शनिवारी मामाला तूच सांग, हो की नाही."

"आणि मी हो म्हणाले तर?"

"तर जाईन."

तो हे इतकं सरळ बोलला की आईच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. पण अट आहे, तो म्हणाला, आठवडा पुरता बघायचा, अर्ध्यातून मत बनवायचं नाही. आईनंही आपली एक अट घातली. आपण त्याची आई आहोत हे तिथं कुणाला कळता कामा नये. नाहीतर लोक म्हणतील, एवढा दाढीवाला बाप्या आईचं बोट धरून कामाला येतो.

सोमवारी आई स्वेटर, शाल, आल्याच्या वड्या आणि खोकल्याचं औषध असा सरंजाम घेऊन वर्गात पोचली. लांबट खोली, एका भिंतीला ती तिरकी मांडणी, दुसऱ्या भिंतीला खुंट्या. प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र, कारण वाचता कुणालाच येत नव्हतं. छत्रीच्या खुंटीवर छत्रीवाल्याचा कोट, बदकाच्या खुंटीवर बदकवालीचा. तिला बसायला मिळालेली खुर्ची एवढीशी होती की बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकले आणि उठताना भिंत धरावी लागली. मुलगा तर खुर्चीच्या भानगडीत पडतच नव्हता. तो सरळ जमिनीवर बसायचा आणि मुलं त्याच्या अंगाखांद्यावर बसायची. मुलं त्याला जिराफदादा म्हणत. त्यानं तिची ओळख 'या आठवड्याच्या मावशी' अशी करून दिली. मुलांनी तिच्या केसांकडे पाहून तिला परस्पर आजी करून टाकलं.

हा आठवडा हिवाळ्याचा होता. म्हणजे जे काही शिकायचं ते एका चित्रांच्या पुस्तकातून, आणि पुस्तकही एका दमात वाचायचं नाही, रोज फक्त दोन पानं. गोष्ट अशी की एक ससा आपल्या बिळात झोपला, रात्रभर बर्फ पडला, आणि सकाळी उठून बघतो तर दार उघडेना. पहिल्या पानावर सगळं पांढरंफेक. फक्त सशाच्या धुराड्याचं टोक वर आलेलं.

आता गंमत अशी की त्या गावात हिवाळा यायचा तो धुकं घेऊन, सर्दी घेऊन, फाटलेले ओठ घेऊन. बर्फ कधी पडायचा नाही. मुलांनी तर नाहीच, त्यांच्या आजोबांनीही पडताना पाहिला नव्हता. मुलं पानाकडे बघत राहिली. मग एकीनं विचारलं, "हे काय सांडलंय?"

ही विचारणारी मुलगी दोन वेण्या घालायची आणि कुठलंच उत्तर पहिल्या फेरीत मान्य करायची नाही. तिला वर्गात वकीलबाई म्हणत. झालं, चर्चेला तोंड फुटलं. कुणी म्हणालं पीठ सांडलंय, कुणी म्हणालं साबणाचा फेस, एकाच्या घरी रंगकाम चालू होतं तो म्हणाला चुना. आईला वाटलं आता हा सांगेल, अरे बाळांनो, हा बर्फ. तिच्या जिभेवर तो शब्द अगदी येऊन थांबला होता. पण त्यानं विचारलं की सांडलं असेल तर आता काय करायचं? सगळ्यांचं एकमत झालं, झाडायचं. ससा आत अडकलाय, झाडायलाच हवं. आणि त्यानं पुस्तक मिटलं. पुढचं उद्या.

मंगळवारी निम्मा वर्ग घरून झाडू घेऊन आला. एकानं तर घरातला मोठा झाडूच आणला आणि त्याच्या मागोमाग त्याची आई तो परत न्यायला आली. वर्गात पुठ्ठ्याचं बीळ तयार होतं आणि त्यावर कापसाचा ढीग. झाडून कापूस हलेना, झाडूलाच चिकटून बसला. मग जिराफदादानं चिमटे काढले, चिमट्यानं एकेक बोळा उचलून डब्यात टाकायचा आणि मोजायचा. आईला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. तास संपल्यावर तिनं त्याला गाठून तसं ऐकवलंही. त्यानं आपली बोटं चिमट्यासारखी करून दाखवली आणि म्हणाला की पुढच्या वर्षी याच बोटांनी पेन्सिल धरायची आहे. मग 'बर्फ' हा शब्दही त्या दिवशी वर्गात आला, पण तो दादानं आणला नाही, छत्रीवाल्यानं आणला. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात असतो तो, आभाळातून पडतो असं त्याच्या बाबांनी सांगितलं होतं. वकीलबाईनं लगेच दादाला विचारलं, तू पाहिलास का पडताना? दादा म्हणाला, नाही, मीही नाही पाहिला. यावर मुलं त्याच्याकडे एकदम आपलेपणानं बघायला लागली.

बुधवारी मात्र घोटाळा झाला. प्रत्येकानं घरून एकच हातमोजा आणायचा, दुसरा घरीच ठेवायचा, असं त्यानं सांगितलं होतं. वर्गात दोरी बांधून मोजे चिमट्यांनी टांगायचे, रंग, रेघा, लांबी बघायची, आणि दुसऱ्या दिवशी जोडीचा मोजा आणून जोड्या लावायच्या. बेत छान. फक्त त्या सकाळी गारठा असा पडला होता की तोंडातून वाफा निघत होत्या, आणि गल्लीगल्लीतून मुलं एक हात उबेत आणि एक हात गारठलेला अशी चालत आली. आयांनी दारात त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो मान खाली घालून चुकलं चुकलं म्हणत राहिला. आत आई रुमाल, मफलर, स्वतःच्या शालीचं टोक, मिळेल ते मुलांच्या मोकळ्या हातांना गुंडाळत सुटली. मनात म्हणत होती, हे असं. हे असं करतो हा. आणि तेवढ्यात बदकवालीनं आपला गुंडाळलेला हात तिच्या गालाला लावून विचारलं, आता गरम आहे का? आईनं त्या हाताला आणखी एक वेढा दिला.

चपलांच्या मांडणीशेजारी एक बाक होता आणि त्या बाकावर एक आजोबा रोज ठाण मांडून बसत. नातीला सोडून इतर लोक घरी जात, हे जात नसत. वकीलबाई त्यांचीच नात. गुरुवारी मधल्या सुट्टीत आई बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला थर्मासमधला चहा देऊ केला आणि मन मोकळं केलं.

"बरं झालं तुम्ही आलात," ते म्हणाले. "एक बाईमाणूस तरी आलं आत. मला सांगा, एवढा हट्टाकट्टा तरुण. त्याला दुसरं काम मिळत नसेल का? म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय."

आजोबा पुढंही बरंच बोलले. पुरुषाचं काळीज वेगळं असतं म्हणाले, मूल पडलं, रडलं तर हा काय करणार म्हणाले, आपण मोठ्या बाईंकडे तक्रार केली आहे आणि म्हणूनच उद्या सगळ्या पालकांना वर्ग बघायला बोलावलंय, असंही म्हणाले. समाधान झालं नाही तर नातीला काढून घेणार.

यातलं निम्मं आईनं स्वतःच मटार सोलताना स्वतःला ऐकवलेलं होतं. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिचं डोकं तडतडायला लागलं.

"चांगला शिकलेला आहे तो," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"चेहऱ्यावरून कळतं."

"दाढीत चेहरा कुठं दिसतो त्याचा," आजोबा म्हणाले आणि चहा ओतला.

घरी आल्यावर तिनं उद्याचं सगळं नीट होईल ना, असं मुलाला तीनदा विचारलं. काहीतरी मोठं करणार होता तो, पण सांगत नव्हता. तुला सांगितलं तर तू आधी डॉक्टर बोलावशील, म्हणाला. फक्त एवढंच बजावलं की वर्गात दोन टब ठेवलेले असतील, त्यांना हात लावू नकोस.

टबांना तिनं हात लावला नाही. हे तिनं नंतर बाबांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

झालं असं. शुक्रवारी तो पहाटेच बाहेर पडला. बर्फाच्या कारखान्यातून छोटी लादी घेतली, यंत्रावर ती खिसून अगदी भुरभुरीत करून घेतली, मित्राच्या टेम्पोतून आणून दोन पसरट टबांत भरली आणि वर ओली पोती टाकली. खोली थंड राहावी म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आणि पालकांना घ्यायला अंगणात गेला. तिथं मोठ्या बाईंचं भाषण चालू झालं. बाई बोलायच्या छान, पण थांबायची जागा त्यांना सापडायची नाही.

तेवढ्यात आई वर्गात आली. बघते तर खोली म्हणजे नुसता बर्फखाना, वारा आरपार वाहतोय. आता पिटुकली मुलं येऊन इथं जमिनीवर बसणार, उद्या सगळ्यांच्या छात्या भरणार, आणि ते बाकावरचे आजोबा तर टपूनच बसलेत. तिनं भराभर खिडक्या लावल्या. कपाटातून मोठा हीटर ओढून काढला. प्लग एकाच कोपऱ्यात होता, टबांच्या शेजारी. तिथंच तो लावला, पुरा मोठा केला, आणि वर हात शेकून बघितले. छान ऊब आली. मग खुर्च्या मांडल्या, फळा पुसला, मोजे दोरीवर सरळ केले. अर्धा तास होऊन गेला तरी बाहेर मोठ्या बाई बोलतच होत्या, आणि आईला पहिल्यांदाच वाटलं, बोलू देत, तोवर खोली चांगली तापेल.

मग सगळे आत आले. मुलं पुढं जमिनीवर, पालक मागं त्या इवल्या खुर्च्यांवर. आजोबाही एका खुर्चीत मावले. दादानं पुस्तक उघडून आतापर्यंतची गोष्ट मुलांकडून वदवून घेतली, ससा अजून आतच आहे, गाजरं संपत आलीत, चिमणी येऊन गेली, तिचं काही चाललं नाही. मग म्हणाला की सशाच्या दाराशी जे सांडलं होतं ते आज मी तुमच्यासाठी आणलंय. मुलं टबांभोवती गोळा झाली. त्यानं पोतं उचललं.

टबात पाणी होतं. वर दोन-चार खडे तरंगत होते.

दुसरं पोतं उचललं. तिथंही तेच.

मागून आजोबांचं खाकरणं ऐकू आलं. मुलानं बंद खिडक्यांकडे बघितलं, हीटरकडे बघितलं, आणि मग आईकडे. हे तोंड तिला माहीत होतं. दुकानात असताना एकदा कपाटाचं माप चुकलं होतं आणि कपाट गिऱ्हाइकाच्या दारातून आतच जाईना. मालक काही बोलला नव्हता, गिऱ्हाईकही समजूतदार निघालं होतं. पण हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता, ताटाला हात लावला नव्हता, आणि नंतर कित्येक दिवस मापाची टेप हातात घेतली की त्याला घाम फुटायचा. आता तसंच होणार, आई धरून चालली. तेही चारचौघांत, आणि तेही माझ्यामुळं.

"हे तर पाणी आहे," वकीलबाई म्हणाली.

तो टबाशेजारी फतकल मारून बसला. "हो ना," म्हणाला. "मघाशी पांढरं होतं. मी स्वतः भरलं होतं. गेलं कुठं?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. तो सारवासारव करत नव्हता, पालकांकडे बघतही नव्हता. त्याला खरंच मजा वाटत होती. भुवया वर गेलेल्या, मान पुढं, मुलं आता काय म्हणतात इकडं सगळं लक्ष. आणि मुलांना तर चोरी झाल्यासारखाच आनंद झाला. कुणी टबाखाली वाकून बघितलं, कुणी पोतं झटकलं. बदकवालीनं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळली की हे फ्रिजचं पाणी आहे. एकानं तरंगता खडा उचलून मुठीत धरला आणि मूठ उघडली तेव्हा तो जरासा लहान झाला होता. तो धावत सगळ्यांना दाखवत सुटला, बघा बघा, हा माझ्या हातात बारीक होतोय. छत्रीवाला तोवर नाक पुढं करून खोलीभर फिरत होता. फिरत फिरत हीटरपाशी आला आणि थबकला.

"इथं गरम आहे," त्यानं जाहीर केलं. "कुणीतरी गरम केलंय."

सगळी तोंडं फिरली. आता गप्प राहणं आईच्यानं होईना.

"मी लावला हीटर," ती म्हणाली. "तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून."

कुणी रागावलं नाही. मुलं विचारात पडली. मग वकीलबाईनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, "मग सशाला का नाही लावला?"

पालकांत हशा पिकला, पण मुलं हसली नाहीत. त्यांच्या दृष्टीनं हा सरळ प्रश्न होता. ससा इतके दिवस अडकलाय, झाडून झालं, चिमट्यानं उचलून झालं, चिमणी येऊन गेली, आणि एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. सशाच्या घरी हीटर हवा, यावर वर्गाचं पक्कं झालं. बिळात प्लग कुठं असेल यावर वाद झाला. हीटर बाहेरून लावायचा, बदकवाली म्हणाली, मोठा, सगळ्या रानाला पुरेल एवढा. दादानं पुस्तक उचललं आणि पुढचं पान उघडलं.

पानभर ऊन होतं. दाराशी पाण्याचे ओहोळ, आणि ससा उंबऱ्यावर उभा राहून डोळे किलकिले करत होता.

जो गलका झाला तो अंगणापलीकडे ऐकू गेला असणार. पुस्तकानं सांगायच्या आधी आपणच शोधून काढलं होतं, हे मुलांना कळलं होतं. वकीलबाई मागं धावली आणि आजोबांच्या तळहातावर तिनं शेवटचा खडा ठेवला, धरून बसा म्हणाली, उघडायचं नाही. आजोबा मूठ आवळून बसले. बोटांतून पाणी ठिबकून धोतर भिजतंय, याची त्यांनी पर्वा केली नाही. सगळे उठले तेव्हा मात्र ते खुर्चीत असे रुतले होते की उठता येईना. दादानं दोन्ही हात धरून त्यांना अलगद बाहेर काढलं. मूल उचलावं तसं. आजोबांनी कपडे झटकले, त्याला नखशिखांत न्याहाळलं, आणि विचारलं, "सोमवारी काय आहे?"

"अस्वल झोपणार आहे," तो म्हणाला. "घरून एक पांघरूण आणायचं."

"किती मोठं?"

"हातरुमालाएवढं चालेल."

आजोबा मान हलवून बाहेर गेले. समाधान झालं की नाही ते काही बोलले नाहीत. बाकावर मात्र न बसता सरळ घरी गेले.

परत येताना आईनं विचारलं की रागावलास का. तो म्हणाला, छे, बर्फ वितळतो कसा हे सोमवारी दाखवायचं होतं, ते आधीच उरकलं, आता सोमवार अस्वलाला मोकळा मिळाला. मामाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. वाटेत दुकानातून त्यानं पाव घेतला, खिशातून सुटे काढताना एक पिवळा हातमोजा निघाला, तो त्यानं परत आत कोंबला.

शनिवारी सकाळी तो न्हाणीघरात ती दोन्ही पोती धूत होता. बाबा पेपर वाचत होते. आई भाजी निवडायला बसली, पण निवडलेली कुठली आणि न निवडलेली कुठली हे तिचं तिलाच कळेना. मामा नाश्ता झाला की फोन करणार, हे ठरलेलं. एकदा त्याचा फोन आला की संपलं. तो बोलत जाणार, टेबल, पगार, बढती, आणि आपण हं हं करत राहणार. धाकटा असून तो लहानपणापासून असाच तिला बोलू देत नसे. पगाराचं त्याचं म्हणणं खोटं थोडंच होतं. लोक विचारायचे ते विचारणारच होते. याच्या लग्नाचं बघायला कुणी आलं तर काय सांगायचं, हा नवा प्रश्न तर कालपासूनच उंबऱ्यात येऊन उभा होता.

पण त्या दुकानात एका कपाटानं याची भूक घालवली होती, आणि काल दोन टब पाणी आणि खोलीभर लोक समोर असताना याला मजा वाटत होती. ही एवढी गोष्ट ती मामाच्या टेबलावर कुठं ठेवणार होती?

"काय सांगणार आहेस?" बाबांनी पेपराआडून विचारलं.

"जागा दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणणार."

"तो कारण विचारेल."

"विचारू दे. म्हणेन, येऊन बघ आठवडाभर."

"त्या खुर्चीत तो मावायचा नाही," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

न्हाणीघरातून पोतं आपटल्याचा आवाज येत होता. आईनं भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि चष्मा शोधला. मामाचा फोन यायची वाट बघायची नाही. आपणच करायचा, आत्ताच, त्याच्या तोंडात घास आहे तोवर.